जप्त आणि बेवारस गाड्यांचं पुढे काय होतं?
पोलीस ठाण्याच्या आवारात टायर बसलेल्या, गवतात रुतलेल्या दुचाक्या दिसतात. त्यांची सुटका कशी होते, हे गाडी तिथे का आली त्यावर ठरतं.

सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस उभी असलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार पोलीस उचलून नेऊ शकतात. दंडासोबत टोइंगचा खर्चही मालकाच्या माथी. लायसन्स किंवा नोंदणी नसल्यास कलम २०७ खाली गाडी अडकवली जाते. कागदपत्रं दाखवून ती सोडवता येते.

गुन्ह्यातली गाडी मात्र ‘मुद्देमाल’ ठरते. ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो. अर्जासोबत आरसी बुक, विमा आणि ओळखपत्र जोडावं. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावलं, की पंचनामा करून, फोटो काढून, हमीपत्र घेऊन गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी. ठाण्यात गंजत ठेवू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही जप्त मालाचे फोटो आणि व्हिडिओ काढण्याची तरतूद आहे.

मालकाचा पत्ताच लागला नाही, तर न्यायदंडाधिकारी जाहीरनामा काढू शकतात. सहा महिन्यांत कुणी हक्क सिद्ध केला नाही, तर गाडी सरकारजमा होऊन लिलावात निघू शकते.