गाडी लागणारी मुले

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागते. पूर्वी सहल म्हटली की रायगड, प्रतापगड, अजिंठा-वेरूळ, फार तर मुंबईची राणीची बाग अशी ठिकाणे ठरलेली असत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या यादीत मनोरंजन उद्यान शिरले आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. मुलांना विचारले तर ती शिवनेरीआधी घसरगुंडीचे नाव घेतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. पाण्यात धपकन पडायला आणि उंचावरून किंचाळत खाली यायला कोणाला आवडत नाही? प्रश्न आहे तो दाराशी असलेल्या तिकीटखिडकीचा आणि तिच्यावरच्या सतत बदलणाऱ्या दरपत्रकाचा.

मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले ते १९८९ साली. दूरदर्शनवरच्या जाहिरातीने ते घराघरांत पोहोचले. १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. शिवाय विरार, लोणावळा, शिर्डी अशा ठिकाणी लहानमोठी जलउद्याने निघाली. प्रत्येक नव्या उद्यानाबरोबर पाळणा अधिक उंच झाला आणि तिकीटही. ‘मागल्या वेळी एवढे नव्हते हो!’ हे वाक्य आज प्रत्येक उद्यानाच्या खिडकीपाशी ऐकू येते. बोलणारा ते खिडकीतल्या मुलाला उद्देशून म्हणतो, पण खरे तर बायकोला ऐकवत असतो.

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच कर्जाच्या फायली चाळण्यात गेली. त्यामुळे तिकिटाचा आकडा दिसला की माझे मन आपोआप ताळेबंदाकडे वळते. असे उद्यान म्हणजे मालकाच्या गल्ल्यात कोसळणारा पैशांचा धबधबा, अशी आपली समजूत असते. ती फारशी खरी नाही. जमीन पुष्कळ लागते. मोठी यंत्रे बहुधा परदेशातून येतात आणि त्यांचे सुटे भागही परकीय चलन मोजून आणावे लागतात. विजेचे बिल, पाण्याचे शुद्धीकरण, रोजची तपासणी, जीवरक्षक, विमा आणि या सगळ्यावर कर्जाचे व्याज. पाचशे माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, हा खर्च जवळजवळ तेवढाच. उलट कमाईचे दिवस मोजके. वर्षातले बावन्न शनिवार, बावन्न रविवार, मे महिना, दिवाळी आणि नाताळ. बाकी मंगळवारी-बुधवारी पाळणे रिकामेच फिरतात. भरीला कर असतोच. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांच्या प्रवेशावर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणावा लागला.

इमॅजिकाचेच पाहा. दीड हजार कोटींच्या वर खर्च करून ते उभारले गेले. कागदावर मांडलेली गर्दी प्रत्यक्षात जमली नाही, कर्जाचा बोजा वाढत गेला, करोनाच्या काळात दारेच बंद राहिली आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. तेव्हा दरवाढीमागे केवळ हाव असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसे कमी आली म्हणून तिकीट वाढवायचे आणि तिकीट वाढले म्हणून माणसे आणखी कमी व्हायची, या भोवऱ्यात मालकही गरगरत असतो.

आता खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या कुटुंबाकडे येऊ. कांदा महागला म्हणून मोर्चे निघतात, पाळण्याचे तिकीट वाढले म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. या दरवाढीला आपला माणूस मुकाट्याने उत्तर देतो. आधी तो वार बदलतो. रविवारचा दर जास्त, म्हणून मुलाच्या शाळेला ‘ताप आहे’ अशी चिठ्ठी जाते आणि सहल बुधवारी निघते. मग तो अंतर वाढवतो. दरवर्षीची सहल दोन वर्षांनी, मग ‘दहावी झाल्यावर’. मग डबा येतो. आत खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत आणि आतला वडापाव बाहेरच्या थाळीच्या भावात मिळतो. म्हणून वाहनतळावर, तापलेल्या गाडीच्या सावलीत चादर अंथरून पुरी-भाजीचा डबा उघडला जातो. पोटभर खाऊन मुले आत जातात आणि पहिल्याच पाळण्यात ते सगळे वर येते.

तिकिटाच्या मापातही पळवाट शोधली जाते. एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट, त्यामुळे आपल्याकडे मुलांचे बारावे वर्ष दोन-तीन वर्षे टिकते. उद्यानात बहुधा वय विचारत नाहीत, उंची मोजतात. दाराशी रंगवलेल्या पट्टीपाशी आई मुलाच्या खांद्यावर हलकेच हात दाबते आणि पोरगे समजून गुडघ्यांत वाकते. आत गेल्यावर मोठ्या पाळण्यापाशी तशीच पट्टी पुन्हा उभी असते. तिथे मात्र टाचा उंच करायच्या असतात.

यापुढची कपात माणसांतच होते. आजी म्हणतात, ‘मला कशाला? मी काय पाळण्यात बसणार आहे?’ खरे आहे. पण त्यांना पाळण्यात बसायचे नव्हतेच, नातवाला बसलेले पाहायचे होते. जत्रेत हे पाहणे फुकट असते. उद्यानात पाहण्यालाही तिकीट आहे. म्हणून आजी घरी राहतात. काही घरांत आईही घरी राहते आणि ‘घरची कामे पडलीत’ असे सांगते. जे आत जातात त्यांच्यावर पैसे वसूल करण्याची जबाबदारी येते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, एकही खेळ सुटता कामा नये. दमलेल्या मुलाला वडील दरडावतात, ‘एवढे पैसे भरलेत, चल, बस त्याच्यात!’ सुटीचा दिवस कामाच्या दिवसाहून कष्टाचा होतो.

जत्रा आणि उद्यान यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गंमत म्हणजे ज्याला आपण या साऱ्या उद्यानांचा आजोबा मानतो, त्या अमेरिकेतल्या डिस्नेलँडची सुरुवात जत्रेच्याच हिशेबाने झाली होती. १९५५ साली ते उघडले तेव्हा मोठ्या माणसाला प्रवेश एक डॉलर आणि आतल्या प्रत्येक खेळाचे तिकीट वेगळे, तेही काही सेंटांचे. त्याच वर्षी प्रवेश आणि आठ खेळ यांचे अडीच डॉलरचे पुस्तक निघाले. तिथली किमान मजुरी तेव्हा तासाला पाऊण डॉलर होती. म्हणजे साडेतीन तास राबले की दिवसभराची मजा. १९८२ मध्ये तिकीटपुस्तके बंद होऊन सरसकट एकच तिकीट झाले. २०१६ पासून गर्दीच्या दिवसाचा दर वेगळा आणि मोकळ्या दिवसाचा वेगळा लागू लागला. २०२४ मध्ये सर्वांत गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलरवर गेले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातली किमान मजुरी तासाला १६ डॉलर होती. हिशेब केला तर जवळजवळ तेरा तासांची मजुरी! रांगेत पुढे जाण्याची जी सोय १९९९ पासून फुकट होती, तिलाही २०२१ पासून पैसे पडू लागले. तरी तिथली गर्दी काही हटत नाही. म्हणून उद्यानवाले म्हणतात, पाहा, लोकांना परवडते आहे!

इथे माझ्यातला जुना बँकवाला अडखळतो. गर्दी मोजली जाते ती आत आलेल्यांची. जे आलेच नाहीत, ते कोणत्या खतावणीत लिहिले जातात?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली जव्हारला झाली होती. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. जव्हारच्या एका गावातले शिक्षक शाळेच्या सहलीची वर्गणी जमेल तशी आणून आमच्याकडे भरत. दोन रुपये, पाच रुपये, कधी नुसती चिल्लर. दिवाळीनंतर गवत कापायला जाणाऱ्या आईबापांच्या मजुरीतून आलेले पैसे होते ते. मुंबईचे एक मनोरंजन उद्यान पाहायला जायचे ठरले होते. एस.टी. शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, त्यामुळे प्रवासाचे जमत होते. अडत होते ते तिकिटापाशी. शेवटी पैसे काढायला गुरुजी आले तेव्हा मी सहज विचारले, ‘‘किती मुलं निघाली, गुरुजी?’’

‘‘बत्तीस.’’

‘‘आणि पट किती?’’

‘‘एकावन्न.’’

‘‘मग बाकीची?’’

गुरुजींनी नोटा पुन्हा मोजायला घेतल्या. खाली बघतच म्हणाले, ‘‘एकोणीस जणांना गाडी लागते, साहेब.’’

गाडी लागते म्हणजे उलट्या होतात. त्या एकोणिसांतली कितीतरी मुले तोवर कधी गाडीत बसलीही नसावीत. पण बापाजवळ पैसे नाहीत, हे वर्गात उभे राहून सांगण्यापेक्षा मला गाडी लागते, हे सांगणे त्यांना सोपे होते. एकाने सांगितले, दुसऱ्याने ऐकले आणि शाळेत गाडी लागण्याची साथ पसरली. दरवाढीला लोक काय प्रतिसाद देतात, हा प्रश्न कोणी विचारला की मला हे उत्तर आठवते. कारण पैशांचे असते, पण ते पोटावर ढकलले जाते.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. रस्ते सुधारले, घरोघरी मोबाईल आले हे खरे. पण हिशेब आजही करून पाहा. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. उद्यानाचे तिकीट माणशी हजारच धरा. मोखाड्याच्या चौघांच्या घराला तिकिटाचे चार हजार आणि जाण्यायेण्याचे, खाण्याचे दोन हजार, असे सहा हजार होतात. ही एका माणसाची एकोणीस-वीस दिवसांची मजुरी झाली. तीही रोज काम मिळाले तर. दिवाळीनंतर इथली घरेच्या घरे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याला आहे आणि याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. त्याच दिवसांत जलउद्यानांचा हंगाम ऐन भरात असतो. मी यात कोणाला दोष देत नाही. एवढेच म्हणतो की पाण्यात डुंबण्यासाठी तिकीट ही कल्पना मोखाड्याच्या पोराला समजावून सांगणे अवघड आहे.

मग ही पोरे करमणूक करतच नाहीत की काय? करतात ना. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोखाड्याला आणि आसपासच्या गावांत बोहाडा होतो. रात्रभर देवदेवतांचे, राक्षसांचे रंगीत मुखवटे घालून सोंगे नाचतात. अनेक गावांत कोणते सोंग कोणी घ्यायचे, याचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. तिथे खिडकी नाही, कुंपण नाही, उंचीची पट्टी नाही. आज बापाच्या खांद्यावर बसून पाहणारे पोर उद्या स्वतः मुखवटा बांधणार असते. चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची जत्रा भरते. जव्हारला दसरा असतो, उरूस असतो. आकाशपाळणा तिथेही येतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो दहा वेळा बसतो, ज्याच्याकडे थोडे आहेत तो एकदा बसतो आणि ज्याच्याकडे काहीच नाहीत तो मान वर करून बघतो आणि तोही ओरडतो. गरिबी तिथेही आहेच. पण गरीब तिथे बाहेर उभा नाही, आत आहे.

पण म्हणून ‘आदिवासींना त्यांची जत्रा बरी’ असे म्हणून शहरातल्या आपण हात झटकणे बरे नव्हे. बोहाडा पाहणाऱ्या मुलालाही उंच घसरगुंडीवरून एकदा पाण्यात पडायचे असते. ते त्याने मागू नये, असे सांगणारे आपण कोण?

उद्यानवाल्यांना सुचवायचे ते बँकेच्याच भाषेत सुचवतो. आज रिकामा फिरलेला पाळणा उद्या विकता येत नाही. ते बुडीत खात्यातच जमा. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी शंभर जागा रिकाम्या राहणारच असतील, तर त्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या आश्रमशाळांना आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना नाममात्र दरात का देऊ नयेत? मालकाला त्याचा फारसा भुर्दंड पडणार नाही. पाळण्यात न बसणाऱ्या आजी-आजोबांसाठी नुसत्या प्रवेशाचे स्वस्त तिकीट निघाले, तर नातवाबरोबर आजीही येतील आणि आत चहासुद्धा घेतील. सरसकट तिकिटाबरोबर प्रवेश वेगळा, खेळ वेगळा ही जुनी पद्धतही ठेवून पाहायला हरकत नाही. डिस्नेलँडने ती सत्तावीस वर्षे चालवली आणि त्याचे दिवाळे निघाले नाही.

शाळांनाही एक सांगणे आहे. सहल ठरवताना आधी ठिकाण आणि मग वर्गणी, असे न करता आधी पट मांडावा आणि सगळ्या पटाला झेपेल तेच ठिकाण निवडावे. तरीही यंदा आपल्या मुलाच्या वर्गातल्या कोणाकोणाला गाडी लागते, याची आपण पालकांनी जरा चौकशी करावी. चौघांनी मिळून एकाचे तिकीट भरले तर कोणाच्याच घरी चूल बंद पडत नाही. फक्त ते पैसे गुरुजींकडे गुपचूप द्यावेत. म्हणजे त्या पोराला गाडी का लागत नाही, याचा खुलासा कोणालाच करावा लागणार नाही.