मोदेनाच्या मातीतल्या मोटारी

इटलीला मोटारी पाहायला जायचं म्हटलं, की बहुतेक जण मारानेल्लोच्या फेरारी संग्रहालयासाठी एक दिवस काढतात आणि उरलेला वेळ व्हेनिस-फ्लॉरेन्सला देतात. माझा आग्रह उलटा आहे. मुक्काम एमिलियाच्या सपाट शेतीप्रदेशातच टाकावा. बोलोन्या ते मोदेना जेमतेम ४० किलोमीटर. एवढ्याशा टापूत फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, पागानी आणि दुचाक्यांची डुकाटी. हे सगळं इथेच का पिकलं, ते कळायला शेतं आणि पत्रेकामाच्या कार्यशाळा पाहाव्या लागतात.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धानंतर लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग जमवून त्याने ट्रॅक्टर बांधले, त्यात पैसा कमावला आणि १९६३ मध्ये सान्तागाता बोलोन्येझे इथे मोटारींचा कारखाना काढला. एन्झो फेरारीशी त्याचं कसं वाजलं, ते सगळेच रंगवून सांगतात. मला ट्रॅक्टर जास्त महत्त्वाचे वाटतात. म्हणून कंपनीच्या संग्रहालयाबरोबर फुनो गावचं, फेरुच्चोच्या नावाचं संग्रहालयही पाहावं. मिउरा ही मोटार आणि ट्रॅक्टर तिथे एकाच छपराखाली उभे आहेत.

मोदेनाबाहेरचं ओंब्रे हे शेत तर मी यादीत सगळ्यात वर ठेवेन. १९९६ मध्ये मासेरातीच्या जुन्या गाड्यांचा संग्रह लिलावात फुटून परदेशी जायच्या बेतात होता. शेताचे मालक उंबेर्तो पानिनी यांनी तो विकत घेऊन इथे ठेवला. तिथे पार्मेजान चीज बनतं. गाईंचे गोठे ओलांडून गाड्यांपाशी जायचं. त्यांतली एल्दोरादो नीट पाहा. आइस्क्रीम कंपनीच्या जाहिरातीसाठी पांढरी रंगवलेली ही गाडी १९५८ मध्ये शर्यतपटू स्टर्लिंग मॉसने मोन्झाच्या शर्यतीत पळवली होती. भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी.

फेरारीचा शर्यतीचा संघ १९२९ मध्ये मोदेनात सुरू झाला, कारखाना १९४३ मध्ये मारानेल्लोला गेला आणि फेरारी नावाची पहिली गाडी, १२५ एस, १९४७ मध्ये धावली. पुढे कित्येक गाड्यांची अंगं मोदेनात सेर्जो स्कालिएत्ती यांच्या कार्यशाळेत घडली. ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, लाकडी हातोड्याने ठोकत वळवायचा, तळहात फिरवून उंचसखलपणा तपासायचा आणि पुन्हा ठोकायचं. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी पातेल्यांची ठोकाई पाहिली आहे, त्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. एवढं मनात ठेवून मग मोदेनातल्याच, एन्झोच्या वडिलांच्या कार्यशाळेशेजारच्या, पिवळ्या छपराच्या संग्रहालयात शिरावं.

सहलीच्या तारखा मात्र मिले मिलिया पाहून ठरवाव्यात. ब्रेशा-रोम-ब्रेशा अशी सुमारे १६०० किलोमीटरची ही शर्यत १९२७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर व्हायची. १९५५ मध्ये मॉसने ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. शेजारी बसलेला डेनिस जेन्किन्सन साडेपाच मीटर लांब कागदाची गुंडाळी फिरवत वळणं वाचायचा आणि इंजिनाच्या आवाजामुळे हाताच्या खुणांनी सांगायचा. दोनच वर्षांनी याच शर्यतीत ग्विदीझ्झोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोची फेरारी टायर फुटून गर्दीत घुसली. तो, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक दगावले. त्यांत पाच मुलं होती. वेगाची शर्यत कायमची थांबली. या मोटारींचं कौतुक करताना हा हिशेब विसरता येत नाही, आणि ग्विदीझ्झोलोला थांबल्याशिवाय मला ही सहल अपुरीच वाटते.

१९७७ पासून मिले मिलिया जुन्या गाड्यांची, वेळेच्या अचूकतेची फेरी म्हणून भरते, अलीकडे जूनमध्ये. रस्त्याकडेला उभं राहून ती फुकट पाहता येते. लाखमोलाच्या गाड्यांमागून फियाट ११०० सुद्धा येते, आणि आपली काळी-पिवळी पद्मिनी याच घराण्यातली!

ऑगस्टमध्ये कारखान्यांना सुट्ट्या असतात, तेव्हा जाऊ नये. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. गाडी भाड्याने घ्यायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, आणि जुन्या शहरांत झेडटीएलची (मर्यादित वाहतूक क्षेत्राची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावावी; आत कॅमेरे आहेत, दंड घरपोच येतो. मोदेना आणि बोलोन्या या शहरांदरम्यान रेल्वे सोयीची पडते. शेतांकडे आणि ग्विदीझ्झोलोकडे जायलाच काय ती गाडी हवी.