कंपवात आणि त्याची पारख

राजापेठेंत सकाळीं भाजी घेतांना एखाद्या वृद्ध गृहस्थाचा हात थरथरतांना दिसला कीं भोंवतालचीं माणसें "वय झालें" एवढें म्हणून मोकळीं होतात. घरची मंडळीहि बहुधा तेंच म्हणतात. वास्तविक थरथरणारा प्रत्येक हात कंपवाताचा नसतो, आणि कंपवाताच्या प्रत्येक रोग्याचा हात थरथरतोच असेंहि नाहीं. हा घोळ न सुटल्यामुळें कित्येकांस नको तें औषध मिळतें, व कित्येकांस हवें तें वर्षानुवर्षें मिळत नाहीं. मी वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत गेला. तथापि या रोगाची एक खूण अक्षरांतच उमटते, म्हणून या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें.

इ. स. १८१७ मध्यें लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें या रोगावर एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांत वर्णन अवघ्या सहा रोग्यांचें, आणि त्यांपैकीं कांहीं तर त्यानें नुसते रस्त्यांत पाहिलेले! पण यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. आजहि हा रोग ठरतो तो मुख्यतः जाणत्या डोळ्यांनीं. मेंदूचा एम्. आर्. आय्. काढतात तो बहुधा दुसरें कांहीं नाहीं ना, हें पाहण्यासाठीं. तज्ज्ञ प्रथम शोधतो ती हालचालींतील मंदता. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटावयास सांगितली कीं प्रत्येक ठोका आधींच्याहून लहान पडत जातो. या मंदतेच्या जोडीला विश्रांतींतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा असला म्हणजे संशय बळावतो. बहुधा हें सारें एकाच अंगास सुरू होतें. चालतांना एक हात हलेनासा होतो, सदऱ्याची गुंडी लावण्यास वेळ लागतो, आवाज खोल जातो. चेहरा निर्विकार होतो आणि सुनेला वाटतें, मामंजी आपल्यावर रागावले आहेत.

आतां अक्षराचें. कंपवाताच्या रोग्याचें अक्षर ओळीच्या आरंभीं बरें असतें व शेवटाकडे बारीक होत जातें. याहून निराळा असा दुसरा एक कंप आहे. तो कंपवातापेक्षां अधिक आढळतो व पुष्कळदां घराण्यांत चालत येतो. त्यांत मांडीवर ठेवलेला हात स्वस्थ असतो, पण कप उचलला कीं चहा बशींत सांडतो, आणि अक्षर मोठें व वेडेंवांकडें उमटतें. कंपवाताचा हात बहुधा याच्या उलट वागतो: निवांत असतां गोळ्या वळल्यासारखा हलतो, व कामास लागतांच कंप कमी होतो. दोहोंचीं औषधें वेगळीं.

तिसराहि एक प्रकार आहे, आणि तो घरांतल्या औषधाच्या डब्यांतून येतो. चक्करेसाठीं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मळमळीसाठीं मेटोक्लोप्रामाइड, तसेंच मनोविकारांवरचीं कांहीं औषधें दीर्घकाळ घेतलीं असतां हुबेहूब कंपवात दिसूं शकतो. तें औषध थांबविल्यावर पुष्कळांचा त्रास कांहीं महिन्यांत ओसरतो. म्हणून डॉक्टरांकडे जातांना गोळ्यांची सगळी पिशवीच न्यावी; आपल्या मतानें मात्र कोणतीहि गोळी बंद करूं नये.

खऱ्या कंपवातांत मेंदूच्या तळाजवळील कृष्णवर्ण पेशींचा एक लहानसा पुंज झिजत जातो. या पेशी डोपामाइन नांवाचें द्रव्य करतात. तें आटलें कीं हालचालीची गति जाते. हें कसें कळलें याच्या इतिहासांत आपल्याकडच्या दोन वनस्पति आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो हें एका इंग्रजी वैद्यक नियतकालिकांत मांडलें, आणि जगाचें लक्ष त्या मुळीकडे गेलें. १९५२ मध्यें तिच्यांतून रेसर्पिन वेगळें झालें. तें घेणाऱ्यांपैकीं कांहीं जण कंपवात झाल्यासारखे मंदावले. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ सालीं रेसर्पिननें निश्चल पडलेल्या सशांना डोपा टोचलें, आणि ते ससे पुन्हां हिंडूं फिरूं लागले! याच संशोधनासाठीं २००० सालीं त्यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. आणि हेंच डोपा खाजकुइलीच्या बियांत असल्याचें दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालींच दाखविलें होतें. मुंबईंतहि डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं त्या बियांचा कंपवातावरील प्रयोग १९७८ मध्यें प्रसिद्ध केला. पण म्हणून बाजारांतलें कवचबीजाचें चूर्ण आणून गोळीबरोबर घेणें हें शहाणपण नव्हे. दोहोंत द्रव्य एकच. चूर्णांत तें किती, हें चमच्यानें कळत नाहीं.

कोट्झियस यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंत मात्रा हळूहळू वाढवून डोपा यशस्वी करून दाखविलें. आजच्या गोळींत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतें. तें डोपाला मेंदूंत पोचण्यापूर्वींच खर्च होऊं देत नाहीं. ही गोळी घड्याळ पाहून घ्यावी. वरण, दूध, अंडीं यांतील प्रथिनें तिची वाट अडवितात, म्हणून सामान्यतः जेवणापूर्वीं अर्धा तास तरी घेणें बरें. पांचसात वर्षांनीं तिचा प्रभाव लवकर ओसरूं लागतो, कधीं अंग नको तितकें हलतें. तेव्हां मात्रांची वांटणी बदलावी लागते. निवडक रोग्यांच्या मेंदूंत तार बसवून विद्युत्‌संदेश देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधील बेनाबिद यांनीं १९८७ पासून रूढ केली. तिनें आराम पडतो, रोग समूळ जात नाहीं. ती एकदम अचानक बंद करूं नये ती मात्र गोळी: त्यानें प्राणावर बेतूं शकतें.

व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा. कित्येकांचे पाय उंबरठ्यापाशीं खिळतात; तेथें जमिनीवर रंगीत पट्टी चिकटविली, किंवा "एक, दोन" असें मोजलें, तर पाऊल सुटतें. मुंबईंत २००१ सालीं स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी व पुण्याचें पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनीं रोग्यांना एकत्र आणून असे उपाय शिकविले आहेत.

नागपूर अमरावतीपासून सुमारें दीडशें किलोमीटर. तेथल्या तज्ज्ञांची भेट सहा महिन्यांतून एकदां व्हावयाची. मधल्या काळाची नोंद आपणच ठेवावी. दुरेघी वही घ्यावी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तेंच एक वाक्य तीन वेळां लिहावें, सही करावी, आणि गोळी घेतल्यापासून किती वेळानें लिहिलें तें समासांत मांडावें. भेटीच्या दिवशीं ती वही आठवणीनें बरोबर न्यावी.