खटारा, कॅमेरा आणि ट्यूबलाइट

एक सोपा प्रश्न. काळ्या गाडीचा रंग कोणता?

"हे काय विचारणं झालं!" असं म्हणाल तुम्ही. पण जरा खाली जाऊन एखाद्या नुकत्याच धुतलेल्या काळ्या गाडीकडे नीट बघून या. बोनेटवर आभाळ दिसेल. दारावर समोरची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेली चादर दिसेल. आणि मधोमध तुम्ही स्वतः, बुटके आणि पोट सुटलेले! काळा रंग कुठे आहे, तो शोधावाच लागेल.

गाडी म्हणजे चार चाकांवरचा वाकडातिकडा आरसा, बरं का! हे एकदा ध्यानात आलं की दोन कामं एकदम कळायला लागतात. एक जुनी गाडी पुन्हा उभी करण्याचं आणि दुसरं गाड्यांचे फोटो काढण्याचं. पुण्यात या दोन्हींचा नाद असलेली दादा-ताई मंडळी आहेत. त्यांच्यासारखा एक दादा आपण डोळ्यांसमोर आणू. कॉलेज नुकतंच संपलंय, गळ्यात कॅमेरा आहे, आणि एका रविवारी तो टोचन करून चक्क एक जुनी प्रीमियर पद्मिनी दारात आणतो. दोन चाकांत हवा नाही, पत्र्याला भोकं पडलेली. आजी गॅलरीतून ओरडते, "अरे, हे कसलं भंगार आणलंस?"

भंगार? आजीला जरा आठवण करून द्यायला हवी. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना. आधी तिथे अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९६४ च्या सुमारास 'फियाट ११०० डिलाइट' आली. तिचंच नाव १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झालं, चितोडच्या राणीवरून. नाव बदललं तरी लोक मात्र तिला 'फियाट'च म्हणत राहिले! १०८९ सी.सी.चं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी, आणि जुन्या गाड्यांत पुढची सीट सलग बाकासारखी. आई, बाबा आणि मध्ये एक शेंबडं पोर, सगळे पुढेच. तेव्हा पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आजीनंही कदाचित बघितली असेल.

२००० च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी बरीच वर्षं धावली. पण टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचीही मुदत संपली. आता उरल्यात त्या कुणाच्या तरी दारातल्या, नाहीतर झाडाखाली गंजत पडलेल्या.

हा गंजच दादाचा खरा शत्रू. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर वरचा डबा ठेवलेला असतो. त्याला चासी म्हणतात. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. अंड्याचं कवच असतं ना, तसं. म्हणून तिच्या फरशीला भोक पडलं की ते नुसतं भोक नसतं, हाड मोडल्यासारखं असतं. वरून चकाचक रंग मारून आत गंज तसाच ठेवणारे महाभाग असतात. अशी गाडी फोटोत छान दिसते, पण एखाद्या धक्क्यात चुरगळू शकते. दादानं गालिचा उचलून फरशीवर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो आरपार गेला! म्हणजे आधी गंजका भाग कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, आणि रंगाचं नाव नंतर काढायचं.

आता कॅमेरा कुठे आला? तो पहिल्याच दिवशी आला. गाडी खोलायची म्हणजे शेकडो नट-बोल्ट, वायसर, वायरी. कोणती वायर कुठे होती हे चार महिन्यांनी कुणाला आठवणार? म्हणून काहीही सोडवण्याआधी फोटो. बोल्ट पिशवीत घालायचे, पिशवीवर नंबर लिहायचा आणि पिशवीचाही फोटो काढायचा. हे फोटो दिसायला अगदी रटाळ, पण उपयोगाचे. फोकस चुकला तर हेडलाइटची वायर हॉर्नला जोडली जायची! नीट, स्वच्छ, नेमका फोटो काढण्याची सवय दादाला इथेच लागली.

सुटे भाग शोधायला नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जायचं. तिथे नाही मिळाले तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठायचा. तिथे पितळी समईशेजारी कार्ब्युरेटर पडलेला असतो, आणि घासाघीस दोन्हींसाठी सारखीच करावी लागते.

ट्यूबलाइटची जादू

पत्रा जोडून झाला की गाडी डेंटिंगला जाते. या कामातले जाणते मिस्त्री पोचा शोधतात कसा, ठाऊक आहे? आधी डोळे मिटल्यासारखे करून दारावरून तळहात फिरवतात. डोळ्याला न दिसणारा खळगा हाताला कळतो. मग रंगाचा हात झाला की भिंतीवरची लांब ट्यूबलाइट लावतात आणि तिचं प्रतिबिंब दारावर बघत चालतात. प्रतिबिंबाची रेघ सरळ गेली तर पत्रा ठीक. कुठे ती थरथरली, नागमोडी झाली की तिथे पोचा! मग पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा ट्यूबलाइट.

घरीही करून बघा. स्टीलचा एक गुळगुळीत डबा घ्या आणि दुसरा चार वेळा पडलेला घ्या. दोन्हींत ट्यूबलाइटची रेघ बघा. (पडलेला डबा कुणी पाडला होता, हे आईला त्या वेळी विचारू नका.)

गाडीचे फोटो काढणारा नेमकं हेच करतो, फक्त उलट बाजूनं. त्याला प्रतिबिंब काढून टाकता येत नाही, म्हणून तो ते निवडतो. गाडी इंचभर पुढे-मागे घेतली की दारातला विजेचा खांब नाहीसा होतो. जरा खाली बसलं की बोनेटवरचा फ्लॅट जातो आणि आभाळ येतं. काचेवरची चमक कमी करायला पोलरायझर नावाची फिरती काच लेन्सवर लावतात. भर दुपारी सहसा कुणी फोटो काढत नाही. सूर्य मावळल्यावर जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात ती सोन्याची, कारण तेव्हा आख्खं आभाळ एका मोठ्या मऊ दिव्यासारखं होतं. स्टुडिओत तर गाडीच्या वर खोलीएवढा पांढरा पडदा टांगतात. गाडीच्या पाठीवरून जी एकच सुंदर पांढरी रेघ गेलेली जाहिरातीत दिसते, ती त्या पडद्याची. ज्यानं मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून ट्यूबलाइटची रेघ पाहिलीय, त्याला ही रेघ शिकवावी लागत नाही.

धावणारी गाडी

उभी गाडी सोपी. पण धावणारी? थोडं गणित करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. कॅमेऱ्याचं झाकण, म्हणजे शटर, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तर तेवढ्यात गाडी फक्त १ सेंटिमीटर सरकते. फोटो एकदम स्वच्छ, पण चाकं गोठलेली. गाडी जणू पार्क केलीय! तेच शटर पन्नासाव्या भागापुरतं उघडलं तर गाडी २० सेंटिमीटर जाते आणि सगळं फिसकटतं. मग युक्ती अशी, की गाडीबरोबर कॅमेराही त्याच वेगानं फिरवायचा. गाडी स्पष्ट येते, मागची झाडं पुसट रेघा होतात. पन्नास फोटोंत एखादा जमतो.

फ्रान्समधल्या एका मोटार शर्यतीत झाक आंरी लार्तीग नावाच्या तरुण मुलानं हेच करायला घेतलं. त्याचा हात गाडीपेक्षा थोडा कमी वेगानं फिरला. त्यात त्याच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक फट होती, ती काचेवरून सरकत जाई. चित्राचा खालचा भाग आधी उमटला आणि वरचा थोडा नंतर. तेवढ्यात गाडी पुढे गेली होती! परिणाम काय, तर चाक पुढे कललेलं लंबगोल, मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला तिरपे, आणि गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर. फोटो फसला असंच वाटलं असणार. पण वेग म्हणजे काय हे त्या फोटोइतकं क्वचितच दुसऱ्या कशात दिसतं. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तीगच्या फोटोंचं प्रदर्शन झालं आणि जगानं त्याला ओळखलं. तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. मोबाइलचा कॅमेराही चित्र एक-एक ओळ करून टिपतो. धावत्या एस.टी.च्या बंद काचेतून जवळच्या खांबांचा फोटो काढा, खांब तिरपे आलेले दिसतील.

आणि जाहिरातीतली सुसाट गाडी? पुष्कळदा ती सुसाट नसतेच! गाडीला एक लांब दांडा घट्ट बसवतात आणि त्याच्या टोकाला कॅमेरा लावतात. मग दोघं-तिघं गाडी हळूहळू ढकलतात आणि शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवतात. कॅमेरा गाडीबरोबरच सरकत असल्यामुळे गाडी स्पष्ट येते आणि रस्ता पुसट होतो. दांडा नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. म्हणून डिकीत लटकून किंवा रस्त्याच्या मध्ये उभं राहून फोटो काढायला जाऊ नका. तो मूर्खपणा आहे, आणि शिवाय त्याची गरजही नाही.

आता आई-बाबांचा प्रश्न: "यात पोट भरतं का?" भरतं, पण पहिल्या दिवसापासून नाही. बहुतेकांची सुरुवात जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे होते. एकामागून एक गाड्या, प्रत्येकीच्या चारही बाजू, आतली सीट आणि किलोमीटरचा काटा. कंटाळवाणं काम, पण जबाबदारीचं. ओरखडा लपेल असा कोन निवडायचा की दिसेल असा? मालक म्हणेल लपव. आणि तो फोटो बघून पैसे भरणारं एखादं कुटुंब असतं. त्यानंतर कुठे मासिकं, रॅली आणि जाहिराती. जाहिरातीचंही काम आता आटतंय, कारण कित्येक चकचकीत गाड्या कॉम्प्युटरवरच बनतात. २०१६ मध्ये 'ब्लॅकबर्ड' नावाची एक गाडी आली. तिची लांबी-रुंदी बदलता येते, ती रस्त्यावर चालवून चित्रण करतात आणि मग तिच्या जागी हवी ती गाडी कॉम्प्युटरनं बसवतात! अशा दिवसांत खऱ्या गाडीचा, खऱ्या रस्त्यावरचा फोटो कुणाला हवा असेल? माझं मत विचाराल तर रघुवीर सिंह यांचं काम पाहावं. त्यांनी अँबॅसडर गाडीच्या काचा, दारं आणि आरसा यांच्याच चौकटी करून भारतभर फोटो काढले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये निघालं. अँबॅसडर २०१४ मध्ये बनायची बंद झाली, फोटो आहेत.

पद्मिनी रस्त्यावर आणायची तर कागदपत्रंही हवीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. रंग बदलला तर आर.टी.ओ.च्या कागदावरही बदलायचा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते, पण मग ती रोज भाजी आणायला नेता येत नाही. फोटोसाठी जागा निवडतानाही पुण्यात डोळे उघडे ठेवावे लागतात. कॅम्पात आणि खडकवासल्याकडे लष्कराच्या हद्दीत 'फोटो काढण्यास मनाई' अशा पाट्या असतात, आणि त्या शोभेसाठी लावलेल्या नसतात.

आपल्या दादाची पद्मिनी आता चालते. दारावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते, आणि पुढच्या सीटवर बसून आजी पर्वतीपर्यंत चक्कर मारून आली आहे. फक्त मागच्या डाव्या दिव्याची लाल काच जुन्या बाजारात अजून मिळालेली नाही. त्यामुळे तूर्त सगळे फोटो समोरूनच.