गवताची शिरगणती

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात 'कर्टिस प्रेअरी' नावाचे सुमारे सत्तर एकरांचे माळरान आहे. पाहणाऱ्याला ते अनादी वाटते. प्रत्यक्षात ते माणसांनी लावलेले आहे! शेती आणि चराईने मूळ माळ नाहीसा झाल्यावर, १९३० च्या दशकात थिओडोर स्पेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी इथे बिया पेरल्या, गवताचे गड्डे आणून रोवले. पुढे जॉन कर्टिस यांनी आगीचे प्रयोग केले. माळ ठरावीक काळाने जाळला की बाहेरून आलेले कुरणी गवत मागे हटते आणि खोल मुळांचे देशी गवत पुन्हा फुटते, हे त्यातून दिसले.

पण माळ खरोखर सुधारला, हे ठरवायचे कसे? एक रीत वजनाची. ठरावीक तुकड्यातले गवत कापायचे, भट्टीत वाळवायचे, तोलायचे. दुसरी रीत नावांची. एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत दिसेल त्या प्रत्येक जातीची नोंद करायची. शंभर चौकटींपैकी चाळीस चौकटींत एखादी जात सापडली, तर तिची हजेरी चाळीस टक्के. काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा तेच. कर्टिस प्रेअरीवर अशी मोजणी १९५० च्या दशकापासून होत आली आहे.

दोन्ही रीती लागतात, कारण वजन फसवते. शहराच्या रस्त्यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी सोबत गाळ आणि खतद्रव्ये आणते. माळाच्या सखल भागात त्यावर 'रीड कॅनरी' हे गवत माजले. वजन भरपूर, नावे मात्र भराभर गळालेली. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच कळते: ठेवींचा आकडा फुगलेला, पण खातेदार एकच!

'बिग ब्लूस्टेम' हे तिथले पुरुषभर उंचीचे गवत आपल्या ज्वारी-उसाच्या भाऊबंदांतले. तेही फार दाटले तर फुलझाडांना ऊन मिळू देत नाही. म्हणजे देशी गवताचाही हिशेब ठेवावाच लागतो.

खरी अडचण मोजणाऱ्याची आहे. फुलोरा नसलेले गवत पानाच्या बुडाशी असलेल्या इवल्या पापुद्र्यावरून ओळखावे लागते. ते चुकले, की कागदावर एक जात नाहीशी होते. माळावर ती तशीच डोलत असते. म्हणून चोख पाहणीत एकाच चौकटीपाशी दोघे गुडघे टेकून बसतात, आणि यादी जुळल्याशिवाय उठत नाहीत.