लपायचं की नेम धरायचा? आधी गणित करा!

स्टारफाइंडर हा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळताय? ऑपरेटिव्ह या क्लासला सोल्जर क्लासची एक लेव्हल जोडून लपणं आणि नेमबाजी एकाच पात्रात आणायचा मोह होतोच. मलाही झाला होता. 😅 २०१७ च्या पहिल्या आवृत्तीचा हिशोब मांडतो.

🕶️ ऑपरेटिव्हचं हुकमी अस्त्र म्हणजे ट्रिक अटॅक. आधी सरकायचं, मग स्टेल्थचा (लपण्याच्या कौशल्याचा) फासा टाकायचा. लक्ष्य: २० + शत्रूचा सीआर (आव्हानाची पातळी). जमलं तर शत्रू गाफील, त्याचा एसी (बचावाचा आकडा) २ ने खाली आणि वर जादा डॅमेज. घोस्ट हे स्पेशलायझेशन निवडलात तर या फाशावर +४.

🎯 सोल्जरच्या एका लेव्हलने काय मिळतं? लाँगआर्म्स (लांब बंदुका), हेवी आर्मर आणि शार्पशूट शैली घेतली तर आडोशामागच्या शत्रूवर सरस नेम.

आता पाचवी लेव्हल बघा:
▪️ निव्वळ ऑपरेटिव्ह: हल्ल्याचा मूळ बोनस +३, ट्रिकचं डॅमेज ३डी८, म्हणजे आठ बाजूंचे तीन फासे (सरासरी १३.५)
▪️ ऑपरेटिव्ह ४ + सोल्जर १: बोनस +४, ट्रिक फक्त १डी८ (सरासरी ४.५)

म्हणजे नेमात एकाची भर आणि डॅमेजमध्ये नऊची तूट! शिवाय ट्रिक अटॅक लाँगआर्मने होतच नाही, पिस्तुलासारखं छोटं हत्यारच लागतं. आणि जड चिलखत घातलं की स्टेल्थ आलीच गोत्यात.

माझा सल्ला: पाचवी लेव्हल गाठेपर्यंत दम धरा. स्नायपर रायफल ऑपरेटिव्हला मुळातच चालवता येते. लांबून रायफल, जवळ आलात की पिस्तूल!

तुमचं पात्र कसं बांधलंय? कमेंटमध्ये सांगा. 🎲