एक गाव, एक पुस्तक
दूरदेशीची पुस्तकं : लेखांक सातवा

वर्षाला किती पुस्तकं वाचावीत, हा प्रश्न गेल्या आठवड्यात अर्धा राहिला होता. ज्या दोन देशांच्या पुस्तकांबद्दल ही लेखमाला चालली आहे, त्या अमेरिका आणि कॅनडात या प्रश्नाची दोन अगदी निराळी उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर आकड्याचं. गुडरीड्ससारख्या संकेतस्थळावर वर्षाच्या सुरुवातीला आपला आकडा जाहीर करायचा, चोवीस म्हणा, बावन्न म्हणा, आणि पुस्तक संपेल तशी नोंद करत जायची. आता आपल्याकडची कॉलेजातली मुलंही हे करतात आणि त्यात वावगं काही नाही. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला आकडा पुन्हा पुस्तकाजवळ आणून बसवतो. मात्र पुढे तोच आकडा पुस्तकांची निवड करू लागतो. डिसेंबरात चार पुस्तकं कमी पडत असली की जाड कादंबरी बाजूला राहते आणि पातळ पुस्तकं भराभर उरकली जातात. ज्या पानावर थांबून विचार करायला हवा, तिथे थांबायला वेळ उरत नाही.

दुसरं उत्तर एका ग्रंथपाल बाईंनी दिलं. १९९८ साली सिएटल शहरात नॅन्सी पर्ल यांनी एक साधी कल्पना मांडली: सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचलं तर? त्यासाठी रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी निवडण्यात आली. छोट्या गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात, बाहेरून एक वकील येतो आणि नुकसानभरपाईच्या दाव्यावरून गाव आतून फुटत जातं. चार जण आपापल्या बाजूने ही हकिगत सांगतात. चर्चेसाठी यापेक्षा चांगलं पुस्तक मिळणं कठीण, कारण वाचणाऱ्याला कुठली ना कुठली बाजू घ्यावीच लागते. २००१ साली शिकागोने हाच प्रयोग ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेऊन केला आणि पुढे तो शहरोशहरी पसरला. कॅनडात २००२ पासून तिथल्या सरकारी नभोवाणीने त्याला वादसभेचं रूप दिलं. ‘कॅनडा रीड्स’ या कार्यक्रमात पाच नामवंत माणसं एकेक पुस्तक घेऊन येतात, त्याची बाजू लढवतात, मतदान होऊन एकेक पुस्तक बाद होत जातं आणि शेवटी उरलेलं पुस्तक देशाने वाचावं अशी शिफारस होते. पहिल्या वर्षी मायकेल ओंडाटजे यांची ‘इन द स्किन ऑफ अ लायन’ जिंकली. टोरांटो शहराचे पूल आणि पाण्याची कामं उभारणाऱ्या परदेशी मजुरांची ती कादंबरी आहे.

कोकणातल्या माणसाला यात परकं काही वाटू नये. चातुर्मासात एकाने पोथी वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, मध्येच कुणीतरी अर्थ विचारायचा आणि त्यावरून दोघांचं वाजायचं, हे आपल्या ओट्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. हरिविजय किंवा पांडवप्रताप वाचताना वर्षात किती पोथ्या झाल्या याचा हिशेब कुणी ठेवत नसे. तीच पोथी पुढच्या वर्षी पुन्हा निघे आणि ऐकणाऱ्याचं वय वाढलेलं असल्यामुळे ती वेगळी लागे.

तेव्हा माझं म्हणणं असं की रत्नागिरीने एक पुस्तक निवडावं. इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं. जवळजवळ दोनशे वर्षं पुस्तकं घरी नेणारं आणि परत आणून देणारं हे गाव आहे, त्याला हे जड जाऊ नये. पुस्तकही मला ठाऊक आहे: हेमिंग्वे यांच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद, ‘एका कोळियाने’.

मूळ कादंबरी १९५२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात संपूर्ण छापली गेली आणि त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९५४ साली हेमिंग्वे यांना नोबेल. पु. लं.चा अनुवाद १९६५ चा. रत्नागिरी पु. लं.ना परकी नव्हती. १९४६ च्या जूनमध्ये सुनीताबाईंशी त्यांचं लग्न झालं ते इथेच, आणि अंतू बर्वा तर इथलाच. पण हे पुस्तक मी निवडतो आहे त्याचं कारण पु. ल. नाहीत. कारण आहे मिरकरवाडा, इथलं मासेमारीचं बंदर.

सांतियागो या म्हाताऱ्या क्यूबन कोळ्याला चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळालेला नाही. चाळीस दिवसांनंतर त्याच्याबरोबरच्या पोराला आईबापांनी दुसऱ्या होडीवर धाडलं. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच खोल पाण्यात जातो. चाळीस, पंच्याहत्तर, शंभर आणि सव्वाशे वावांवर गळ सोडतो आणि शंभर वावांवरचा गळ एक मासा धरतो. तो मासा होडीपेक्षा दोन फुटांनी लांब निघतो. पुढे काय होतं ते बहुतेकांना ठाऊक असतं. तरी शंभर वाव म्हणजे सहाशे फूट, एवढ्या खोलीवर लागलेला जड मासा हाताने धरून ठेवणं म्हणजे काय, दोरी तळहातात कशी रुतते, एक हात आखडला तर काय करायचं, हे वाचनालयात बसून वाचणाऱ्या माझ्यासारख्याला कल्पनेनेच समजून घ्यावं लागतं. मिरकरवाड्यातल्या तांडेलाला ते अंगाने ठाऊक असतं. कादंबरीचे तज्ज्ञ वाचक गावातच आहेत, आणि त्यांचं मत साठ वर्षांत आपण विचारलेलं नाही.

शिवाय कादंबरीत एक जागा अशी आहे की तिच्यावरून मिरकरवाड्यात रात्रभर बोलणं चालेल. म्हातारा आपल्यासारख्या जुन्या कोळ्यांची आणि नव्या पोरांची तुलना करतो. शार्कच्या यकृताला चांगला भाव आला तेव्हा त्या पैशातून या पोरांनी मोटरबोटी घेतल्या. त्यांना समुद्र प्रतिस्पर्धी वाटतो, शत्रूसुद्धा वाटतो. म्हाताऱ्याला तो तसा कधीच वाटलेला नाही. आता हे रत्नागिरीत वाचा. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनची मोठी घेरणारी जाळी वापरणारे यांचा झगडा इथे अनेक वर्षांचा, २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले तरी न मिटलेला. दोन्ही बाजूंचे लोक एका खोलीत बसून ते पान वाचतील तर सांतियागोची बाजू सगळेच घेतील असं मी धरून चालत नाही. कर्जाने बोट घेतलेल्या तरुणाला म्हाताऱ्याचं बोलणं अन्यायाचं वाटू शकेल, आणि त्याने ते मोठ्याने म्हणावं. चर्चा व्हायची ती तिथूनच.

आता एक शंका सहज निघेल. ही लेखमाला अमेरिका आणि कॅनडा दोघांची, मग गावासाठी निवडलेलं पुस्तक पुन्हा अमेरिकेचंच का? याचं उत्तर आपल्या कपाटांत आहे. मराठीत अमेरिका मुबलक आहे. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’, राम पटवर्धन यांचं ‘पाडस’, दुर्गा भागवत यांनी मराठीत आणलेला थोरो, पु. लं.चंच ‘काय वाट्टेल ते होईल’. आणि अनुवाद नसलं तरी अमेरिकेची माती घराघरांत पोचवणारं वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’. यातली काही पुस्तकं इतकी आपली झाली आहेत की ती परदेशी आहेत हेच वाचक विसरतो. ‘पाडस’ घ्या. हरणाचं पिल्लू पोरगा जिवापाड वाढवतो, ते मोठं होऊन शेतातलं कोवळं पीक खातं आणि बापाला निर्णय घ्यावा लागतो. माकडं आणि रानडुकरं यांनी बागायत हैराण केलेल्या आपल्या जिल्ह्यात या गोष्टीतल्या बापाची अडचण कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

कॅनडाची पुस्तकं मात्र मराठीत शोधावी लागतात. त्याचं कारण कॅनडाचे लेखक कमी दर्जाचे हे नव्हे. काळाचा मेळ जमला नाही, हे खरं कारण. शीतयुद्धाच्या वर्षांत अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याने आपल्याकडच्या भाषांमध्ये अमेरिकी पुस्तकांच्या अनुवादांना हात दिला. त्यामागे राजकारण होतं हे उघड आहे. पण तेव्हा मराठीत उत्तम अनुवादक आणि चोखंदळ संपादक होते, त्यामुळे त्या काळात चांगलं काही आपल्या वाट्याला आलं. त्या वेळी कॅनडा स्वतःच आपलं साहित्य उभं करत होता. लेखकांना आणि प्रकाशकांना आधार देणारं कॅनडा कौन्सिल १९५७ चं. स्वस्त आवृत्त्यांत कॅनडाची पुस्तकं काढणारी ‘न्यू कॅनेडियन लायब्ररी’ १९५८ ची. ॲलिस मन्रो यांचा पहिला कथासंग्रह १९६८ चा, आणि कॅनडाच्या साहित्याचं मध्यवर्ती सूत्र तगून राहणं हे आहे असं सांगणारं मार्गारेट ॲटवुड यांचं ‘सर्व्हायव्हल’ १९७२ चं. त्यांचं साहित्य भरात येईपर्यंत आपल्याकडचा तो अनुवादांचा बहर ओसरला होता. मन्रो यांना २०१३ साली नोबेल मिळालं, पण महाराष्ट्रातल्या किती वाचकांनी त्यानंतर तरी त्यांची एखादी कथा वाचली असेल?

बाजाराचाही भाग आहेच. कॅनडाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि तिचा एक हिस्सा फ्रेंच वाचणारा. शेजारी त्याच इंग्रजीत लिहिणारा अवाढव्य देश. आपल्याकडे पोचेपर्यंत कॅनडाचा लेखक बहुधा अमेरिकी किंवा नुसताच इंग्रजी ठरतो. रोहिंटन मिस्त्रींचं काय होतं पाहा. मुंबईत जन्मलेले, १९७५ साली कॅनडाला गेलेले, आणि सगळं लेखन तिथूनच केलेले. ‘सच अ लाँग जर्नी’ २०१० साली मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्या वादात हे पुस्तक कॅनडाच्या साहित्याचाही भाग आहे ही गोष्ट कुणाच्या फारशी गावीही नव्हती.

म्हणून माझ्या सूचनेला एक जोड आहे. ‘एका कोळियाने’ वाचून झाल्यावर कॅनडाची एक कथा त्याच मंडळींनी वाचावी: ॲलिस्टर मॅक्लाउड यांची ‘द बोट’. मॅक्लाउड नोव्हा स्कॉशियाच्या केप ब्रेटन भागाचे. आयुष्यभर त्यांनी मोजकंच लिहिलं, दोन कथासंग्रह आणि ‘नो ग्रेट मिस्चीफ’ ही कादंबरी, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य तोलून लिहिलं. ‘द बोट’ १९६८ साली प्रसिद्ध झाली.

कथेतला बाप मच्छीमार आहे आणि तो वाचतो. त्याची खोली पुस्तकांनी आणि मासिकांनी भरलेली. बिछान्यावर, खुर्चीवर, जमिनीवर, सगळीकडे. रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो, सिगारेट जळते. आईला ती पुस्तकं सोसत नाहीत. ती दर्यावर्दी घराण्यातली. होडीलाही तिच्याच माहेरचं नाव दिलेलं. मुली मोठ्या होतात, एकेक करून त्या खोलीत शिरतात, वाचू लागतात आणि गावाबाहेर जातात. आईला वाटतं, पुस्तकांनीच पोरी नेल्या. धाकटा मुलगा तेवढा उरतो आणि त्याला एकाच वेळी शाळाही हवी असते आणि होडीही. बापाला स्वतःला कॉलेजात जायचं होतं, हे त्याला उशिरा कळतं.

कथेत एके ठिकाणी बाप पर्यटकांना होडीतून फिरवायला नेतो, ते त्याच्याकडून गाणी ऐकतात आणि नंतर त्याचा फोटो पाठवून देतात. फोटो पाठवताना त्याला ते आपला हेमिंग्वे म्हणतात. त्यांच्या मनात कोळी म्हटला की हेमिंग्वेचाच. जो स्वतः वाचतो, आणि जो खरोखरच समुद्रावर जातो, त्याच्याकडे त्यांचं लक्षच नाही. या एका प्रसंगामुळे ही दोन पुस्तकं शेजारी ठेवायला हवीत असं मला वाटतं. सांतियागोला बायको नाही, लेकरं नाहीत, कर्ज नाही. त्याचा झगडा मोठा आहे कारण तो एकट्याचा आहे. मॅक्लाउडच्या मच्छीमाराला घर आहे, आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याला वेगळ्या दिशेला ओढतं. मुंबईला गेलेली मुलं आणि बंदरावर राहिलेले आईबाप हे रत्नागिरीत घरोघरी आहे. सांतियागोची थोरवी मान्य करूनही मी म्हणेन की आपल्या गावाला दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे.

अडचण एवढीच की ती इंग्रजीत आहे. पण कथा छोटी आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी ती परिच्छेदागणिक वाचून मराठीत सांगावी. सुबक अनुवादाची गरज नाही. ऐकणाऱ्याला कळेल असं सांगणं पुरे.

वेळही ठरलेली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, हात कामात आणि कान मोकळे. पहिला महिना ‘एका कोळियाने’, रोज चार-पाच पानं, मोठ्याने. दुसरा महिना ‘द बोट’. वाचन वाचनालयाच्या सभागृहात ठेवू नये, किंवा निदान फक्त तिथे ठेवू नये; खारवी आणि दालदी मंडळी जिथे जाळी विणत बसतात तिथे ते व्हायला हवं, आणि मासे विकणाऱ्या बायांना सोयीचं पडेल अशा वेळी. बोटींवरच्या खलाशांत पुष्कळ जण नेपाळी आहेत आणि बंदी लागली की ते गावी जातात. त्यांना हे ऐकवायचं असेल तर मे महिन्यातच एखादी संध्याकाळ काढावी लागेल, आणि हिंदीतून.

पुढच्या आठवड्यात ‘चौघीजणी’ आणि तिच्याशेजारी एल. एम. माँटगमरी यांची १९०८ सालची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’. ती घडते प्रिन्स एडवर्ड बेटावर, जिथली माती लोहामुळे आपल्या कातळावरच्या मातीसारखीच तांबडी आहे. ‘चौघीजणी’ घरी असेल तर पहिली चार प्रकरणं पुन्हा वाचून ठेवा.